कंपनीचा जावई

विमानतळावरच्या त्या दुकानात चॉकलेटपासून अत्तरापर्यंत आणि मानेखाली घ्यायच्या फुगीर उशीपासून साध्या पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळं मिळायचं. मिळायचं नाही ते फक्त एका प्रश्नाचं उत्तर. काहीही घ्या, गल्ल्यावरची बाई हसून म्हणणार, "बोर्डिंग पास दाखवता का?" आणि एखाद्याने विचारलंच, की अहो, पाण्याच्या बाटलीला पास कशाला, तर ती तितकंच हसून म्हणणार, "नियम आहे." संपलं. माणूस विमानतळावर आला की आधीच अर्धा मेलेला असतो. पट्टा काढ, बूट काढ, हात वर कर, खिसे उलटे कर. त्यात आणखी कुणी काही मागितलं तर मुकाट्याने काढून देतो. कंपनीला हे पक्कं ठाऊक होतं.

खरं कारण गल्ल्यावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. प्रवासी देशाबाहेर चालला असेल, तर त्याला विकलेल्या मालावरचा कर कंपनीला सरकारात भरावा लागत नसे. पुरावा म्हणून त्याचा पास मशीनसमोर धरायचा, की झालं. गिऱ्हाइकाला किंमत तीच. म्हणजे सूट सरकारने द्यायची, पास गिऱ्हाइकाने काढायचा आणि फायदा मधल्यामधे कंपनीने खिशात घालायचा. देशातल्या देशात जाणाऱ्याच्या पासाचा तर कवडीचा उपयोग नव्हता. पण कोण कुठे चाललाय हे विचारत बसलं की रांग खोळंबते, म्हणून सरसकट सगळ्यांना मागायचा. हे कारण गिऱ्हाइकाला सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. जी सांगेल तिने त्याच दिवशी गळ्यातलं ओळखपत्र काढून द्यायचं आणि घरचा रस्ता धरायचा.

बरं, पास नसेल तर माल विकताच येत नव्हता, असंही नाही. गल्ल्याच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात एक करडं बटण होतं. ते दाबलं की पासाशिवाय विक्री व्हायची. पण कुणी किती वेळा ते दाबलं याचा हिशोब वरती साहेबांच्या पडद्यावर उमटायचा. साहेबांच्या तोंडी सदानकदा टक्के. आज टक्के घसरले, काल टक्के बरे होते. म्हणून पाठीमागे त्यांचं नाव टक्केसाहेब पडलं होतं.

या दुकानात गल्ल्यावर एक बाई होती. बरोबरच्या मुलींपेक्षा वयाने मोठी, म्हणून सगळ्या तिला थोरली म्हणायच्या. नवरा गेल्यापासून ती या नोकरीत होती, पण अजून कायम झाली नव्हती. कायम झालेल्यांना कंपनीच्या वसाहतीत एक खोली मिळायची. खोली म्हणजे काय, एक पलंग, एक ओटा आणि खिडकी. पण थोरलीचा सगळा जीव त्या खोलीत अडकला होता, कारण तिची पोरगी चिमी मामाकडे राहत होती आणि आई इथे चौघींत एक अशा भाड्याच्या खोलीत. तिथे पोर आणायची सोयच नव्हती.

वहिनी वाईट नव्हती हो. पण दुसऱ्याच्या घरात पोर किती दिवस गोड लागणार? मागच्या खेपेला थोरली भेटायला गेली, तेव्हा जेवताना वहिनीने विचारलं, "चिमे, अजून वाढू?" चिमीने आधी मामीच्या हातातल्या भांड्यात किती उरलंय ते पाहिलं आणि मग म्हणाली, "नको, पोट भरलं." पूर्वी फोनवर पोरगी रोज विचारायची, आई, खोली मिळाली का? हल्ली विचारेनाशी झाली होती. हल्ली मोठ्या बाईसारखं विचारायची, "आई, जेवलीस का?"

मग खोली अडली होती कुठे? तर जावयापाशी.

गल्ल्यावरच्या मुलींनी ठेवलेलं ते नाव. कंपनी अधूनमधून खोटी गिऱ्हाइकं पाठवायची. साध्या प्रवाशाच्या वेशात यायची, काहीतरी घ्यायची, पास नाही म्हणून रडगाणं गायची आणि बाई बधते का ते बघून वर चहाडी करायची. न सांगता येणार, खोड्या काढणार, आणि आपण मात्र तोंडभर हसून सरबराई करायची. तेव्हा जावई नाही तर काय म्हणणार? खुर्च्या ढकलणारा चाकदादा येता-जाता हळूच विचारायचा, "काय गं, आले का जावईबापू?" म्हाताऱ्या, आजारी प्रवाशांना चाकाच्या खुर्चीतून गेटपर्यंत पोचवायचं त्याचं काम. साऱ्या इमारतीच्या बातम्या त्याच्याकडे असत.

थोरली एकदा जावयाच्या हाती सापडली होती. कडेवर तान्हं घेतलेली एक बाई आली. पोर रडून रडून निळं पडायच्या बेताला आलेलं. बाई म्हणाली, पास नवऱ्याकडे आहे, तो कुठे गेला कुणास ठाऊक, तेवढा दुधाचा डबा द्या. थोरलीला चिमीचं तान्हेपण आठवलं आणि तिने ते करडं बटण दाबलं. आठवड्याने टक्केसाहेबांनी बोलावून घेतलं. "भावनेच्या भरात नियम मोडला, असं लिहिलंय तुमच्याबद्दल," ते म्हणाले. "पुन्हा एकदा असं झालं तर माझाही इलाज नाही."

म्हणजे पोर खरं, रडणं खरं, फक्त गरज खोटी. असला धंदा ज्याला सुचला त्याला काय म्हणावं? पण थोरलीने कंपनीला शिव्या दिल्या नाहीत, स्वतःलाच दिल्या. कळवळा आला की आपली पोर परक्याच्या दारात आणखी वर्षभर सडते, एवढं तिने मनाशी पक्कं केलं. मग ती जावई ओळखायला शिकली. जावयाच्या हातात सामान नसतं. तो गळ्यातल्या ओळखपत्राकडे डोळे बारीक करून बघतो, कारण नाव टिपायचं असतं. त्याच्याकडे एक चांगली रचलेली गोष्ट असते. आणि शेवटी हमखास विचारतो, पास कशाला लागतो?

त्या आठवड्यात टक्केसाहेबांनी मुलींना एकत्र बोलावून सांगितलं, की तपासणी होणार आहे, सांभाळून राहा. मग थोरलीकडे बघून म्हणाले, "तुमचा कायमचा कागद माझ्या टेबलावर आहे. एवढं पार पाडा." तेव्हापासून तिला येणारा प्रत्येक माणूस जावई दिसायला लागला होता.

दुपारी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. दाढी गुळगुळीत केलेली, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, जसं काही लग्नालाच निघालेत. त्यांनी शीतकपाटातून फळांच्या रसाची बाटली काढली आणि गल्ल्यावर ठेवली. हातात बाकी सामान नाही. थोरलीच्या ओळखपत्राकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"ताई, हा गोड आहे ना?"

"गोड आहे, काका. बोर्डिंग पास दाखवता का?"

"पास माझ्या बायकोकडे आहेत, दोघांचेही. ती तिकडे शेवटच्या गेटपाशी बसलीय." ते जरा धापा टाकत होते. "तिला शुगरचा त्रास आहे. मधेच एकदम उतरते, मग हातपाय कापायला लागतात. घरून रस आणला होता, तो तपासणीत काढून घेतला. खायचं काही दिलं तर तिच्या घशाशी येतं. रस तेवढा उतरतो."

थोरलीने मनातल्या मनात दाद दिली. काय गोष्ट बांधलीय, कुठे टाका उसवलेला नाही. पोराच्या दुधानंतर आता बायकोची शुगर. कंपनीने शिकवलेलं हसू तिने चेहऱ्यावर आणलं.

"तुमची अडचण कळते, काका. पण पास लागेल."

"पैसे आहेत माझ्याकडे." त्यांनी खिशातून नोटा काढल्या.

"पैशांचं नाही, काका."

"पुढच्या हॉटेलात गेलो होतो, ते दुरुस्तीसाठी बंद आहे. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता." त्यांनी बाटलीकडे बघितलं. "ताई, पास लागतो तरी कशाला? रस प्यायलाच तर नेतोय."

झालं. उरलेली एक खूणही पटली. थोरलीला हसू फुटायच्या बेतात होतं, ते तिने दाबलं.

"नियम आहे, काका."

म्हाताऱ्यांनी वाद घातला नाही. नोटा घडी करून खिशात ठेवल्या. "नियम असेल तर काय करणार," ते म्हणाले. "ही बाटली तेवढी बाजूला ठेवा. मी घेऊन येतो पास." आणि ते वळले. डाव्या गुडघ्यावर हात दाबत, भिंतीच्या कडेने, जमेल तेवढ्या भराभर चालू लागले. शेवटचं गेट म्हणजे त्या लांबलचक दालनाचं पार दुसरं टोक. थोरली बघत राहिली. तिच्या मनात आलं, काय लंगडतोय, याला नाटकातच घ्यायला हवा.

मधे बरीच गिऱ्हाइकं येऊन गेली. प्रत्येकाला तिने पास मागितला, प्रत्येकाने दिला. म्हातारे परत येणार नाहीत अशी तिची खात्री होती, पण ते आले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी पास गल्ल्यावर ठेवला.

"तिचा डोळा लागलाय," ते म्हणाले. "हाक मारली तर नुसतं हूं केलं. म्हटलं, पडू दे जरा. पर्समधून हाताला आला तो काढून आणलाय. तिचाच आहे हा. चालेल ना?"

"चालेल, काका."

तिने पास मशीनसमोर धरला. हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं उमटली, प्रवास देशांतर्गत. तिने पैसे घेतले, उरलेले परत दिले, बाटली त्यांच्या हातात ठेवली आणि अगदी शिकवल्याबरहुकूम म्हणाली, "शुभ प्रवास."

"तुम्हाला उगाच त्रास झाला," म्हातारे म्हणाले आणि बाटली छातीशी धरून निघाले. पास गल्ल्यावरच विसरले. हीसुद्धा परीक्षेचीच युक्ती असणार, असं समजून थोरलीने तो नीट उचलून मशीनमागच्या फटीत उभा करून ठेवला.

मग तिला जरा हलकं वाटलं. किती दिवसांनी. वसाहतीतल्या खोलीच्या खिडकीला पडदा कुठला लावायचा, इथपर्यंत तिचं मन पोचलं. चिमीला पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपवायचं, नाहीतर कार्टी रात्री खाली पडते. आणि पहिल्या दिवशी तिला म्हणायचं, पातेलं भरलेलं आहे, हवं तेवढं घे. बाहेरून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत गेली, तिने पाहिलं. पण विमानतळावर कोण धावत नसतं? तिने पुढच्या गिऱ्हाइकाला पास मागितला.

थोड्या वेळाने टक्केसाहेब स्वतः गल्ल्याशी आले. चक्क हसत.

"झाली तुमची तपासणी," ते म्हणाले. "एकदम चोख. पास मागितला, कारण विचारल्यावर नियम आहे म्हणालात. उद्या कागद घेऊन जा. आणि खोलीची किल्लीही."

थोरलीचे डोळे भरून आले. "मला वाटलंच होतं, साहेब. त्या काकांनी फारच छान वठवलं."

"कुठले काका?"

"ते आत्ता दुपारी आलेले. बायकोच्या शुगरचं सांगत होते."

"छे. सकाळी आली होती एक मुलगी, मानेची उशी घेऊन गेली ती. दुपारी कुणाला पाठवलं नव्हतं."

थोरलीने मशीनमागच्या फटीतल्या पासाकडे पाहिलं. ती काही बोलणार एवढ्यात चाकदादा रिकामी खुर्ची ढकलत आला. एरवी लांबूनच जावईबापूंची चौकशी करणारा माणूस, पण आज त्याचं तोंड उतरलं होतं.

"एक बाई गेल्या गं, शेवटच्या गेटपाशी," तो म्हणाला. "सकाळी मीच सोडलं होतं त्यांना तिथे. शुगर उतरली आणि हृदय आधीचंच अधू. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी काही गोड पोटात गेलं असतं तर निभावलं असतं. नवरा बिचारा बाटली उघडून तोंडाला लावायला गेला, तर मान कलंडली." त्याने खुर्चीच्या मुठीवरून हात फिरवला. "येताहेत बघ ते. बाईंचा पास इथे राहिलाय म्हणत होते."

म्हातारे येत होते. आता त्यांना घाई नव्हती. रसाची बाटली हातात तशीच होती, झाकण सैल झालेलं, रस काठोकाठ. ती हातात आहे याचंही त्यांना भान नसावं. गल्ल्याशी येऊन ते म्हणाले, "ताई, तिचा पास इथे राहिला. तो कागदांना लागतोय म्हणतात."

थोरलीने फटीतला पास काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"निघताना म्हणाली होती," म्हातारे म्हणाले. तिला उद्देशून नव्हे, असंच. "म्हणाली, तुमचा पास तुमच्या खिशात ठेवा. मी म्हटलं, तुझ्याकडेच असू दे, माझ्याकडून हरवेल. जन्मभर असंच केलं मी. किल्ल्या तिच्याकडे, औषधं तिच्याकडे, सगळं तिच्यावर टाकून मोकळा. आज एकदा खिशात ठेवला असता तर मला परत जावं लागलं नसतं. माझ्या आळसाने गेली ती. मुलांना काय सांगू मी?"

"असं मनाला लावून घेऊ नका, काका," टक्केसाहेब मऊ आवाजात म्हणाले. "आम्हालाही फार वाईट वाटतंय. पण नियमच आहे तसा."

"हो ना," म्हातारे म्हणाले. "नियम असतो. या ताई तरी काय करणार? चूक माझीच."

किती सोपं होतं. नुसती मान हलवायची. म्हातारे पास घेऊन गेले असते, उद्या किल्ली मिळाली असती, परवा चिमी भिंतीकडच्या बाजूला झोपली असती. साहेबांनी शब्द आयता तोंडात घालून दिला होता. थोरलीने मान हलवायचा प्रयत्नही केला. पण हा माणूस आता घरी जाणार, आणि मरेपर्यंत रोज आपल्या सदऱ्याचा खिसा चाचपत बसणार, हे तिला समोर दिसत होतं. नवरा गेला तेव्हा तीही अशीच बसली होती, आपण काय चुकलो ते शोधत. ते दुखणं तिला ठाऊक होतं.

"पास लागत नव्हता, काका," ती म्हणाली.

"थोरले," टक्केसाहेब हळूच म्हणाले. मुलींनी ठेवलेलं नाव त्यांनी पहिल्यांदाच तोंडी घेतलं. "गप्प राहा."

"देशाबाहेर जाणाऱ्यांचा लागतो. तोही कंपनीला, कर वाचवायला. तुमच्या पासाचा काहीच उपयोग नव्हता. तुमची काही चूक नाही." तिने पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बटण दाबलं असतं तर तेव्हाच रस देता आला असता. मी दाबलं नाही."

म्हाताऱ्यांनी बटणाकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"का?"

"कंपनी खोटी गिऱ्हाइकं पाठवते, आमची परीक्षा घ्यायला. अशाच गोष्टी सांगतात. मला वाटलं, तुम्ही त्यांच्यातले. माझी मुलगी..." ती थांबली. चिमीचं नाव इथे पुढे करायची तिला लाज वाटली. "मला वाटलं, तुम्ही खोटं बोलताय."

"म्हणजे तिला बरं नाही, हेच तुम्हाला खरं वाटलं नाही."

"नाही वाटलं."

म्हातारे रागावले नाहीत आणि असू दे, असंही म्हणाले नाहीत. त्यांनी पास उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि वरून तळहात दाबून धरला. बाटली गल्ल्यावर राहिली. चाकदादाने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत. त्याच्या दंडाला धरून चालत गेले.

टक्केसाहेबांनी हात पुढे केला. थोरलीने गळ्यातली फीत डोक्यावरून काढली, केसांत अडकली ती सोडवली आणि ओळखपत्र त्यांच्या हातात दिलं. रांगेतला पुढचा माणूस चॉकलेटचा डबा घेऊन उभा होता. त्याने कुणी न मागताच पास काढून समोर धरला होता.

संध्याकाळी चिमीचा फोन आला. "आई, जेवलीस का?" तिने विचारलं.

"जेवले," थोरली म्हणाली.

खोलीचं चिमीने विचारलं नाही.